बेसिनची उंची

समितीचं नाव लांबलचक आहे.
समता, विविधता आणि स्वास्थ्य.
फळ्यावर लिहिताना क्लार्कचा खडू मोडला
तो स्वास्थ्यापाशी.

मलाही घेतलंय त्यात.
हजेरीच्या कागदावर रकाना होता, पूर्ण नाव.
बावीस वर्षं कालिन्याच्या या इमारतीत मी मावशी.
लिहायला गेले तर हात जरा अडखळला:
अनुसया यशवंत खडपे.
पुढचा रकाना, पदनाम.
लिहिलं, काचा धुते.

बैठक साडेपाचला. पाळणाघर सहाला बंद होतं,
म्हणून फरहीन मॅडम दारापाशीच बसल्या,
पर्स मांडीवर, एक चप्पल जवळजवळ बाहेर.
चहा आला, बिस्किटं आली,
पडद्यावर चित्र आलं:
सगळ्या रंगांचे हात, एकमेकांत गुंफलेले.
त्यातल्या एकाही हातावर
ॲसिडचा डाग नव्हता.

संचालक म्हणाले, मावशी, तुमचीही एखादी सूचना.

डोक्यात पुष्कळ होतं.
मायक्रोवेव्हवरची चिठ्ठी, कृपया मासे गरम करू नयेत.
माझ्या डब्यातली सुकट गार खाणारा
धडगावकडचा दिलवर पावरा,
ज्याची फेलोशिप सात महिने वाटेत आहे,
ज्याला पहिल्याच आठवड्यात कुणी सहज विचारलं,
तू कुठल्या यादीतून आलास?
सहजच. सुई टोचावी तसं सहज.

पावसाळ्यानंतर एकदा तो शीतखोलीत
चार अंशाला उभा राहून रडत होता.
तिथे कॉम्प्रेसर घरघरतो, बाहेर काही ऐकू येत नाही,
हे त्यानं शोधून काढलं होतं
किंवा त्याच्या आधीच्या कुणी.
मी फ्लास्क मोजायला आत गेले
आणि मोजत राहिले,
दोनदा, पाचदा,
त्याचं होईपर्यंत.
एकशे बारा होते. आधीपासून ठाऊक होते.

हे सगळं बैठकीत कसं सांगणार?
माझ्या तोंडून निघालं, बेसिन.

बेसिन?

खाली आहे साहेब. पाठ जाते.

तेवढ्यात रेनिटा कुरैया हसली,
चाकांची खुर्ची जराशी पुढे घेतली:
मावशी, मला तर ते वर आहे.
पाणी मनगटावरून बाहीत उतरतं,
अर्धी पीएचडी ओल्या बाहीनं केलीय मी.

मग बांधणाऱ्यानं धरली कुणाची उंची?
कागद चाळले. कुणाला माहीत नाही.
सरासरी असेल, कुणीतरी म्हणालं.

सरासरी नावाचं माणूस
या इमारतीत कधी कामाला नव्हतं.
असतं तर त्याचा डबा दिसला असता मला,
त्याचा कप मी विसळला असता.

ठराव झाला: वरखाली होणारं बेसिन, मंजूर.
निविदा निघेल.
पंख्याची निविदा निघून चार उन्हाळे झाले, असो.
सहाला पाच कमी होती, फरहीन मॅडम पळाल्या.

दुसऱ्या दिवशी दिलवर आला काचेवर लिहायचं पेन घेऊन.
म्हणाला, मावशी, भिंतीला टेकून उभ्या राहा,
हात कोपरात वाकवा.
टाइलवर रेघ ओढली, शेजारी लिहिलं: अ. य. खडपे.
मग रेनिटाची. मग त्याची स्वतःची, बरीच वर.
रात्रपाळीचा वॉचमन हळदणकर येऊन गेला,
त्यानं बूट काढून मोजायला लावलं.
फरहीन मॅडमच्या मुलीची
तर बादलीच्या कडेला आली.
एकदा संचालक हात धुवायला थांबले,
बघत राहिले, कफाचं बटण सोडलं.
त्यांची रेघ माझ्या रेघेखाली दोन बोटं निघाली.
आम्ही कुणी काही बोललो नाही.
ते मात्र हसले, पहिल्यांदाच
खडपेबाई म्हणाले.

बेसिन अजून तेच आहे.
पाठ दुखते ती दुखतेच.
चिठ्ठीही आहे मायक्रोवेव्हवर, नुसता एक कोपरा सुटलाय.

दिवाळीआधी रंगकाम निघालं,
रंगारी आला स्पिरिटचा बोळा घेऊन,
टाइल पुसू का म्हणाला.
मी म्हटलं, सगळी खोली पूस, भाऊ.
एवढी भिंत सोड.